लाजेपायी लपवलेले दुखणे आणि रक्ताची वाट



आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. अशा पत्रावर नाव नसते, गाव नसते. मजकूर साधारण सारखाच असतो. नवरा पंचेचाळिशीच्या आसपासचा, घरात दोन-तीन मुले, धंदा किंवा नोकरी ठीक चाललेली. पण वर्षभरापासून मियाँ-बीवीचा संबंध जवळजवळ थांबलेला. कारण नवऱ्याच्या इंद्रियाला ताठरता येत नाही, आणि आली तरी टिकत नाही. यांतली पुष्कळ पत्रे बायकोचीच असतात. तिला वाटते, यांचे मन आपल्यावरून उडाले. नवऱ्याला वाटते, आपली मर्दानगी संपली. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. मधल्या काळात कुणी सांगितलेले चूर्ण, कुणी दिलेला तावीज, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोळी, असे सारे करून झालेले असते. डॉक्टरला मात्र दाखवलेले नसते.

या सगळ्या पत्रांना आम्ही आज एकत्र उत्तर देत आहोत. हे मासिक घरातली सारी माणसे वाचतात, याचे भान आम्हाला आहे. पण हया वेगळी आणि अज्ञान वेगळे. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी रसूलुल्लाह (सल्ल.) यांना स्त्रीच्या गुस्लविषयीचा नाजूक प्रश्न सरळ विचारला होता आणि त्यांना सरळ उत्तर मिळाले होते, हे हदीसच्या ग्रंथांत नमूद आहे. दीन समजून घेताना अन्सारी स्त्रियांनी लाज आड येऊ दिली नाही, म्हणून हजरत आयशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केली आहे. जे त्या पाक काळात विचारले गेले, ते आज आपण सभ्य शब्दांत बोलायला हरकत नसावी.

आधी नाव नीट घेऊ

आपल्याकडे या दुखण्याला सरसकट ‘नपुंसकत्व’ किंवा ‘नामर्दी’ म्हणतात. हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, आणि म्हणूनच माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1992 साली तज्ज्ञांची परिषद बोलावली होती. त्या परिषदेने जुना शब्द बाजूला ठेवून ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ हा शब्द वापरावा असे सुचवले. मराठीत आपण ‘ताठरतेचा दोष’ म्हणू. संबंधासाठी पुरेशी ताठरता येत नाही किंवा टिकत नाही, आणि हे सतत काही महिने चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टर साधारणपणे तीन महिन्यांची मुदत धरतात. थकव्याने, चिंतेने, आजारपणात एखाद-दोन वेळा असे झाले तर तो आजार नव्हे. तसे प्रत्येक पुरुषाला कधी ना कधी होते.

हे दुखणे दुर्मीळही नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 40 ते 70 वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 1994 साली प्रसिद्ध झाले. त्यात निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे 52 टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात ही तक्रार होती. तेव्हा हे माझ्याच नशिबी आले, असे कुणी समजू नये.

आणखी एक गोष्ट इथेच स्पष्ट करू. ताठरता न येणे आणि मूल न होणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ताठरता उत्तम असलेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतू कमी असू शकतात, आणि ताठरतेचा दोष असलेल्या पुरुषाचे शुक्रजंतू अगदी निरोगी असू शकतात. मूल होत नाही म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे, की वीर्याची तपासणी साधी आणि स्वस्त असते आणि ती आधी व्हायला हवी.

रक्त येते कसे, थांबते कसे

पुरुषाच्या इंद्रियात हाड नाही. ताठरता येते ती रक्ताने. आत लांबीच्या दिशेने शेजारी शेजारी दोन भाग असतात, स्पंजासारखे, बारीक पोकळ्यांनी भरलेले. एरवी या पोकळ्यांच्या भिंतींतले आणि तिथे रक्त आणणाऱ्या धमन्यांतले बारीक स्नायू आवळलेले असतात, म्हणून रक्त थोडेच येते. मनात भावना आली किंवा स्पर्श झाला की मेंदू आणि पाठीच्या कण्यातून मज्जातंतूंमार्फत संदेश जातो. मग मज्जातंतूंच्या टोकांतून आणि धमन्यांच्या आतल्या नाजूक अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात सुटतो. त्याने आवळलेले स्नायू सैल पडतात, धमन्या रुंदावतात आणि पोकळ्यांत रक्त भरते. फुगलेल्या पोकळ्या बाहेरच्या चिवट आवरणावर दाबल्या जातात. त्या आवरणाखालून रक्त परत नेणाऱ्या शिरा या दाबाने चिमटल्या जातात, आणि आलेले रक्त तिथेच अडून राहते.

घरावरच्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकी भरायची तर दोन गोष्टी हव्यात. वरून पाणी जोराने आले पाहिजे आणि खालची तोटी बंद राहिली पाहिजे. वरचा पाइप गंजून अरुंद झाला तर टाकी भरत नाही. पाइप चांगला असून तोटी गळत असेल तरीही भरत नाही. पुढे तपासणीची जी माहिती येणार आहे, ती याच दोन प्रश्नांभोवती फिरते: रक्त पुरेसे येते का, आणि आलेले रक्त थांबते का?

शरीरात रक्त फिरते कसे, या ज्ञानात आपल्या पूर्वजांचाही वाटा आहे. दमास्कसमध्ये शिकलेले आणि कैरोत वैद्यकी केलेले इब्न नफीस यांनी तेराव्या शतकात, उजव्या हृदयातले रक्त फुप्फुसांतून जाऊन डाव्या हृदयात येते, हे लिहून ठेवले होते. सबंध शरीरातील रक्ताभिसरणाचा विल्यम हार्वे यांचा ग्रंथ त्यानंतर बऱ्याच काळाने, 1628 साली आला. नायट्रिक ऑक्साइडचे रक्तवाहिन्यांतील काम शोधल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद या तिघांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी मार्च महिन्यात सिल्डेनाफिल ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली. हे औषध मुळात छातीच्या दुखण्यासाठी तपासले जात होते. इंद्रियातील स्नायू सैल ठेवणारा जो पदार्थ नायट्रिक ऑक्साइडमुळे तयार होतो, तो लवकर नष्ट होऊ न देणे हे या गोळीचे काम. म्हणजे ही गोळी इच्छा निर्माण करत नाही, फक्त रक्ताची वाट मोकळी ठेवायला मदत करते.

बारीक धमनी आधी तक्रार करते

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. तो नवऱ्यांनी वाचावा आणि बायकांनीही वाचावा.

धमन्यांचे आतले अस्तर बिघडवणाऱ्या गोष्टी आपल्या ओळखीच्या आहेत: मधुमेह, वाढलेला रक्तदाब, रक्तातली चरबी, विडी-सिगारेट, तंबाखू, पोटाचा घेर आणि बैठे आयुष्य. अस्तर बिघडले की नायट्रिक ऑक्साइड कमी सुटतो. पुढे त्या जागी चरबीचा थर बसून धमनी अरुंद होत जाते. हा बिघाड एकाच ठिकाणी होत नाही, शरीरभरच्या धमन्यांत होतो. पण सगळ्या धमन्या सारख्या जाडीच्या नसतात. इंद्रियाच्या धमन्यांचा व्यास सुमारे 1 ते 2 मिलिमीटर, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा सुमारे 3 ते 4 मिलिमीटर, आणि मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा 5 ते 7 मिलिमीटर असतो. तेवढाच थर बसला तरी बारीक धमनी आधी अडते. म्हणून तक्रारही तिथून आधी येते.

इटलीतील डॉक्टरांचा एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. छातीत दुखू लागल्याने आलेल्या आणि अँजिओग्राफीत हृदयाच्या धमन्यांचा आजार दिसलेल्या 300 पुरुषांना त्यांनी ताठरतेविषयी विचारले. त्यांतील 49 टक्के पुरुषांना ही तक्रार होती. आणि तक्रार असलेल्यांपैकी दोन-तृतीयांश लोकांत ती छातीत दुखण्याआधीच सुरू झालेली होती, सरासरी तीन वर्षांहून थोडी आधी.

या तीन वर्षांत माणूस काय करतो? लाजेने गप्प बसतो. त्याच वेळात साखर तपासली असती, रक्तदाब मोजला असता, विडी सोडली असती, तर पुढचा हार्ट अटॅक कदाचित टळला असता. म्हणून आज जगभरचे तज्ज्ञ सांगतात, की ज्या पुरुषाला ताठरतेचा दोष आहे, त्याची हृदयाच्या दृष्टीने तपासणी व्हायलाच हवी, मग त्याच्या छातीत काही दुखत असो वा नसो. चाळिशीच्या आत-बाहेरच्या पुरुषाला हे अधिक लागू आहे.

मधुमेहाविषयी वेगळे सांगायला हवे. मधुमेह रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू या दोन्हींवर घाव घालतो. त्यामुळे मधुमेही पुरुषांत हा दोष इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो आणि लवकर सुरू होतो. कित्येकदा मधुमेह असल्याचे कळते तेच या तक्रारीमुळे. शादीच्या जेवणावळी, बिर्याणी, शीरखुर्मा, दिवसातून सहा कप गोड चहा आणि दुकानातली बैठक, हे ज्या घरांत आहे त्या घरांत साखर तपासणे टाळू नये.

डॉक्टर काय विचारतात

अशा रुग्णाने प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. पुढे गरज पडली तर ते युरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. निदानाचा मोठा भाग बोलण्यातूनच होतो. म्हणून काही लपवू नये.

पहिला प्रश्न असतो: त्रास हळूहळू वाढला की एकदम सुरू झाला? हळूहळू वाढलेला, सर्व वेळी सारखा असणारा त्रास रक्तवाहिन्यांकडे बोट दाखवतो. एखाद्या भांडणानंतर, नोकरी गेल्यावर, कर्ज झाल्यावर किंवा निकाहनंतरच्या पहिल्या रात्री एकदम सुरू झालेला त्रास बहुधा मनाकडे बोट दाखवतो.

दुसरा प्रश्न: पहाटे जाग येताना ताठरता असते का? निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्ने पडण्याच्या टप्प्यांत, रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. फजरच्या वेळी उठताना ती जाणवते. ही टिकून असेल तर रक्ताची वाट आणि मज्जातंतू बऱ्यापैकी शाबूत आहेत, असा अंदाज बांधता येतो. गरज वाटल्यास हे रात्रभर मोजणारे यंत्रही असते.

तिसरा प्रश्न औषधांचा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, नैराश्याची काही औषधे, यांनी हा त्रास होऊ शकतो. पण म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात. तंबाखू, मिश्री, गुटखा, दारू, झोप, कमरेची किंवा ओटीपोटाची दुखापत, प्रोस्टेट किंवा मूत्राशयाचे ऑपरेशन, हे सारे विचारले जाते. दारूचा प्रश्न ऐकून रागावू नये. डॉक्टर सर्वांनाच तो विचारतात.

पुष्कळ ठिकाणी पाच प्रश्नांचा एक छोटा कागद भरायला देतात. प्रत्येक उत्तराला गुण असतात आणि एकूण गुण 25 पर्यंत होतात. 22 किंवा अधिक गुण म्हणजे दोष नाही. 17 ते 21 सौम्य, 12 ते 16 सौम्य ते मध्यम, 8 ते 11 मध्यम आणि 7 किंवा कमी म्हणजे तीव्र. उपचारानंतर हाच कागद पुन्हा भरला की फरक पडला का ते कळते.

मग रक्तदाब, वजन, कमरेचा घेर, जांघेतल्या आणि पायांतल्या नाडीचे ठोके पाहतात. रक्ताच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए-वन-सी, कोलेस्टेरॉल आणि सकाळच्या वेळचे टेस्टोस्टेरॉन एवढे पुरते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक सकाळी जास्त असते, म्हणून त्याचे रक्त सकाळीच द्यावे. दुपारी दिलेल्या रक्तातील कमी आकडा पाहून घाबरू नये. थायरॉइड वगैरे तपासण्या डॉक्टरांना शंका आली तरच लागतात. बहुतेक रुग्णांची तपासणी इथेच संपते आणि उपचार सुरू होतात.

डॉप्लर तपासणी म्हणजे काय

ज्यांना गोळ्यांनी फरक पडत नाही, जे वयाने तरुण आहेत, ज्यांना अपघातात ओटीपोटाला मार बसला आहे, किंवा ज्यांच्या बाबतीत ऑपरेशनचा विचार आहे, अशांना रक्तप्रवाहाची सोनोग्राफी सांगतात. तिला पिनाइल डॉप्लर म्हणतात. पापावेरिन या औषधाचे इंजेक्शन इंद्रियात दिल्याने ताठरता येते, हे फ्रान्समधील शल्यविशारद रोनाल्ड विराग यांनी 1982 साली दाखवले. टॉम लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली अशा इंजेक्शनसोबत सोनोग्राफी जोडली. आजची तपासणी त्याच पायावर उभी आहे.

यात अगदी बारीक सुईने इंद्रियात औषध दिले जाते. दुखते ते सुई टोचण्याइतकेच. मग वरून सोनोग्राफीचा प्रोब ठेवून दर पाच मिनिटांनी, साधारण अर्ध्या तासापर्यंत, दोन्ही धमन्यांतील रक्ताचा वेग मोजतात. रिपोर्टमध्ये दोन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला, हृदयाच्या ठोक्याच्या वेळचा सर्वांत जास्त वेग. तो सेकंदाला 35 सेंटिमीटरच्या वर असेल तर रक्त येण्याची वाट चांगली समजतात. 25 च्या खाली असेल तर धमनी अरुंद आहे असे मानतात. मधला आकडा संशयाचा. दुसरा आकडा ठोक्यांच्या मधल्या विसाव्याच्या वेळचा. पूर्ण ताठरतेत आतला दाब इतका वाढतो की त्या क्षणी रक्त पुढे सरकणे जवळजवळ थांबते. तो आकडा 5 सेंटिमीटरच्या वर राहिला, आणि पहिला आकडा मात्र चांगला आहे, तर रक्त शिरांतून निसटते आहे असा अर्थ काढतात. टाकीच्या उदाहरणात पहिला आकडा वरच्या पाइपचा आणि दुसरा खालच्या तोटीचा.

इथे एक सावधगिरी हवी. अनोळखी खोली, सुई, लाज आणि भीती यांनी शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते. ते स्नायू पुन्हा आवळते. मग निरोगी तरुणाच्या रिपोर्टमध्येही ‘शिरांतून गळती’ असे येऊ शकते. निकाह होऊन दोन महिने झालेल्या, घाबरलेल्या मुलाच्या हातात असा एक कागद पडला की तो स्वतःला कायमचा निकामी समजतो, आणि दोन्ही घरांत चर्चा सुरू होते. म्हणून तपासणी शांत, आडोशाच्या खोलीत, पुरेसा वेळ देऊन व्हावी. ताठरता पुरेशी आली नाही तर औषधाची मात्रा पुन्हा द्यावी लागते, आणि निष्कर्ष अनुभवी डॉक्टरांनी काढावा. एका रिपोर्टवरून ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये. शिरा बांधण्याच्या ऑपरेशनचा गुण बहुतेकांत टिकत नाही, हे आता डॉक्टरच सांगतात.

इंजेक्शननंतर ताठरता चार तासांहून अधिक टिकली तर लाजून घरी बसू नये. लगेच इस्पितळ गाठावे. अडकलेले रक्त काढले नाही तर कायमचे नुकसान होते.

सतर उघडे करण्याविषयी काही भावांना संकोच वाटतो. फिक्हचे सर्वमान्य तत्त्व असे, की इलाजाच्या जरुरीपुरते, जेवढे आवश्यक तेवढेच, डॉक्टरसमोर उघडे करायला परवानगी आहे. पुरुष डॉक्टर आणि पुरुष मदतनीस हवा असेल तर तसे आधीच सांगावे. ही मागणी रास्त आहे.

इलाज, आणि इलाजाच्या नावावरची दुकाने

पहिला इलाज दुकानात मिळत नाही. इटलीतच झालेल्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा दोष असलेल्या 110 लठ्ठ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला आहार आणि व्यायामाचे नीट मार्गदर्शन दोन वर्षे दिले, दुसऱ्याला फक्त सर्वसाधारण माहिती. दोन वर्षांनी पहिल्या गटातील 55 पैकी 17 पुरुषांची ताठरता पूर्ववत झाली, दुसऱ्या गटात फक्त 3 जणांची. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणे, तंबाखू पूर्ण सोडणे, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे, हे औषधच आहे. मशीद जवळ असेल तर मोटारसायकल घरी ठेवून पाचही वेळा चालत जाण्याने सवाबही मिळतो आणि पाऊलही पडते.

सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलची गोळी बऱ्याच जणांना गुण देते, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावी. छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट गोळी ज्यांना चालू आहे, त्यांनी ही गोळी अजिबात घेऊ नये. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. घरातल्या माणसाला छातीत दुखू लागले आणि इस्पितळात न्यावे लागले, तर त्याने अशी गोळी घेतली होती का, हे डॉक्टरला सांगणे बायकोचेही कर्तव्य आहे. त्या क्षणी शरम करू नये. गोळीने भागले नाही तर इंजेक्शन, हवेच्या दाबाचा पंप आणि शेवटी इंद्रियात बसवायचा इम्प्लांट, असे पुढचे मार्ग आहेत. जिथे मूळ मनात आहे तिथे समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जावे.

रेल्वेलाइनच्या भिंतींवर आणि बसस्टँडच्या मुतारीत ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ असे रंगवलेले असते. 1954 च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याने लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी आहे. म्हणजे ती जाहिरातच बेकायदा आहे. अशा ‘शुद्ध जडीबुटी’च्या पुड्यांत सिल्डेनाफिलच गुपचूप मिसळलेले असल्याचे सरकारी तपासण्यांत अनेकदा सापडले आहे. हृदयरोगी माणूस जडीबुटी समजून ते घेतो आणि वर सांगितलेला धोका ओढवून घेतो. शिकलेले, नोंदणी असलेले युनानी हकीम वेगळे आणि तंबूतले वैदू वेगळे. हकीमसाहेबांचे औषध घ्यायचे असेल तरी आधी साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावे, आणि चालू असलेल्या गोळ्या त्यांना दाखवाव्यात. दुआ जरूर करावी. पण प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज ठेवला आहे आणि इलाज करावा, ही शिकवणही आपल्याच पैगंबरांची (सल्ल.) आहे.

एक वर्षाची मुदत

काही पत्रांत प्रश्न सरळ असतो: अशा निकाहचे काय करायचे? यावर आपल्या फिक्हने फार पूर्वी विचार केला आहे. पती संबंधास असमर्थ असल्याची तक्रार पत्नीने काझीकडे केली, तर पतीला एक वर्षाची मुदत द्यावी, असे फुकहा सांगतात आणि त्यासाठी हजरत उमर (रजि.) यांच्या निर्णयाचा दाखला देतात. एक वर्षच का, याचेही कारण दिले आहे: वर्षात सारे ऋतू येऊन जातात, आणि दुखणे प्रकृतीतल्या उष्ण-थंडपणामुळे असेल तर एखाद्या ऋतूत ते बरे होईल.

आपल्या देशातील 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यातही हीच छाया आहे. निकाहच्या वेळी पती असमर्थ होता आणि अजूनही आहे, या कारणाने पत्नी न्यायालयात विवाह संपवण्याची मागणी करू शकते. पण हुकूमनामा देण्यापूर्वी पतीने अर्ज केला, तर न्यायालय त्याला एक वर्षाची संधी देते. त्या वर्षात आपण बरे झालो असे त्याने न्यायालयाला पटवून दिले, तर त्या कारणावरून हुकूमनामा होत नाही.

या नियमात दोन्ही बाजूंचा हक्क मान्य केला आहे. पत्नीची गरज ही खरी गरज आहे, तिने तक्रार केली म्हणून ती बेशरम ठरत नाही. आणि पतीचे दुखणे हे दुखणे आहे, त्याला इलाजाची सवड मिळाली पाहिजे. पूर्वी ही सवड ऋतूंच्या भरवशावर होती. आज तेवढ्याच वर्षात साखर ताब्यात येते, तंबाखू सुटते, औषध बदलून पाहता येते, डॉप्लर होऊ शकते. काझीपर्यंत किंवा कोर्टापर्यंत जाण्याची वाट न पाहता हे वर्ष घरातच, दोघांच्या संमतीने सुरू करता येते. जमातीच्या बुजुर्गांकडे असे प्रकरण आले तर त्यांनी पहिला प्रश्न ‘डॉक्टरला दाखवले का’ हा विचारावा. मुलाच्या आईने मात्र दोष सुनेच्या रूपावर, रंगावर किंवा दहेजवर ढकलू नये.

बहिणींसाठी दोन शब्द

बहिणींनो, बहुतेक वेळा हे तुमच्यावरून मन उडाल्याचे लक्षण नसते. त्याच्या धमन्यांत किंवा चिंतेत काही बिघडलेले असते. टोमणा मारला की भीती वाढते आणि भीतीने त्रास वाढतो. ‘तुम्हाला काय झालंय?’ असे विचारण्याऐवजी ‘आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊन येऊ, तुमची साखर तरी बघू’ असे म्हटले तर दार लवकर उघडते. कुरआनने पती-पत्नीला एकमेकांच्या पोशाखाची उपमा दिली आहे. पोशाख झाकतो, आणि थंडी-वाऱ्यापासून वाचवतोही. ही गोष्ट माहेरी, शेजारी, व्हॉट्सॲपवर जाऊ नये. पण डॉक्टरपर्यंत जरूर जावी. आणि भावांनो, बायको एवढे करत असेल तर रिपोर्ट तिच्यापासून लपवू नका. तिला सोबत बसवून डॉक्टरांचे बोलणे ऐकवा.

तेव्हा ज्यांना हा त्रास तीन महिन्यांहून अधिक काळ आहे, त्यांनी येत्या आठवड्यात एवढे करावे: रक्तदाब मोजून घ्यावा, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावे, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी करावी, आणि ती घेऊन डॉक्टरांकडे जावे. चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण येत असेल, दम लागत असेल, तर आठवडाही थांबू नये. छाती आधी दाखवावी आणि ताठरतेची तक्रारही त्याच वेळी सांगावी.

अल्लाह तआला सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि आपल्या घरांत मोहब्बत कायम ठेवो. आमीन.